अमोनिया आत गेला की अमोनियम? यीस्टच्या प्लेटवर कसं तपासायचं आणि प्लेट कुठे फसवते

दर वर्षी डिझर्टेशनला नवीन मुलं आली की त्यातला कोणीतरी एक अमोनियम ट्रान्सपोर्टर (अमोनियम पेशीच्या आत-बाहेर नेणारं प्रोटीन) घेतो, भाताचा असो नाहीतर कुठल्यातरी बुरशीचा, आणि तीन महिन्यांनी माझ्यापुढे प्लेटचा फोटो धरून म्हणतो दादा आलं बघ, वाढ झाली, म्हणजे माझं प्रोटीन अमोनियम आत घेतंय. मी विचारतो अमोनियम की अमोनिया? मग शांतता. मीही तिथूनच गेलोय, मला हा प्रश्न थेट व्हायवात पडला होता आणि मी "दोन्ही सर" असं म्हणालो होतो. म्हणून हे एकदाचं लिहून काढतोय, म्हणजे परत परत सांगायला नको. यात प्लेट कशी लावायची ते आहे, पण त्याहून जास्त प्लेट काय सांगते आणि काय सांगत नाही ते आहे.

आधी पाच मिनिटं पीएचला द्या

दोन्हीत फरक एका प्रोटॉनचा. अमोनियाने एक प्रोटॉन उचलला की तो अमोनियम, त्याच्यावर एक धन भार. पाण्यात दोघं कायम सोबतच असतात, किती कोण ते पीएचवर ठरतं. पीकेए साधारण ९.२५ (२५ डिग्रीला), म्हणजे पीएच ९.२५ ला निम्मे निम्मे, आणि तिथून पीएच एक एक घर खाली उतरलं की अमोनियाचं अमोनियमशी प्रमाण दहा-दहा पटीने कमी. पीएच ८.२५ ला साधारण ९ टक्के, ७.२५ ला १ टक्का, ६.२५ ला ०.१ टक्का, ५.२५ ला ०.०१ टक्का. तुम्ही प्लेटमध्ये १ मिलिमोलर अमोनियम क्लोराईड टाकलंय ना, तर पीएच ७.२५ ला त्यात १० मायक्रोमोलर मोकळा अमोनिया आहे आणि ५.२५ ला फक्त ०.१ मायक्रोमोलर. हे गणित वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, पुढे प्रत्येक रिझल्टला लागणार आहे, मी अजूनही पीएच बदलला की एकदा कागदावर मांडूनच बघतो.

आता यात मेम्ब्रेन, म्हणजे पेशीभोवतीचं चरबीचं पातळ आवरण, कुठे आली. अमोनिया लहान, भार नसलेला, तो चरबीच्या थरातून बऱ्यापैकी निसटतो, अमोनियमवर भार आहे म्हणून तो अडतो. त्यामुळे खूप वर्षं पाठ्यपुस्तकांत असंच होतं की गॅस आहे, आपापला जातो, याला प्रोटीन कशाला हवं. त्याला पहिला मोठा धक्का मूत्रपिंडातून बसला. १९८९ साली उंदराच्या मूत्रपिंडातल्या एका नळीच्या पेशींची (हेन्लेच्या लूपचा जाड चढता भाग) नळीच्या पोकळीकडची मेम्ब्रेन अमोनियाला जवळजवळ दाद देत नाही असं दिसलं, तिथे अमोनियम पोटॅशियमच्या जागी बसून दुसऱ्याच एका ट्रान्सपोर्टरमधून जातो. हे पोटॅशियमवालं लक्षात ठेवा. अमोनियम आयन आकाराने जवळजवळ पोटॅशियमएवढाच, म्हणून पोटॅशियमसाठी बनवलेल्या बऱ्याच दारांतून तो हळूच घुसतो, सोडियम-पोटॅशियम पंपालाही फसवतो. म्हणजे अमोनियमसाठी खास असलेल्या प्रोटीनपुढे दोन कामं आहेत, एक तर भारवाला कण चरबीतून पार न्यायचा आणि दुसरं म्हणजे पोटॅशियमला दारातच ओळखून परत पाठवायचं, जो बाहेर कायम भरपूर असतो.

हे काम करणारं जे घराणं आहे त्याला एएमटी/मेप/आरएच म्हणतात. बॅक्टेरिया आणि झाडांमध्ये एएमटी, यीस्टमध्ये मेप, आणि आपल्यात आरएच. हो, तेच रक्तगटातलं आरएच. यावर खाली बोलतो कारण प्रत्येक वेळी कोणीतरी विचारतंच.

आता प्लेट

यीस्टमध्ये (आपलं पाव फुगवणारं यीस्ट, सॅकरोमायसिस) तीन अमोनियम ट्रान्सपोर्टर आहेत, मेप१, मेप२, मेप३. मेप२ सगळ्यात तल्लख, एक-दोन मायक्रोमोलर अमोनियम असलं तरी पकडतो, मेप१ पाच ते दहा मायक्रोमोलरवाला, आणि मेप३ चं मिलिमोलरमध्ये काम. तिन्ही उडवून टाकले तर यीस्ट ५ मिलिमोलरपेक्षा कमी अमोनियमवर वाढू शकत नाही, जर नायट्रोजनचा दुसरा काहीच सोर्स दिला नसेल तर. असा तिन्ही उडवलेला स्ट्रेन ब्रसेल्सच्या लॅबने बनवला, त्याचं नाव ३१०१९बी, आणि जगभरात ही टेस्ट बहुतेक त्याच्यावरच होते. त्यात तुमचा जीन घाला, कमी अमोनियमच्या प्लेटवर ठेवा, वाढला तर तुमच्या प्रोटीनने त्याला जेवण आत आणून दिलं. झाडातला पहिला अमोनियम ट्रान्सपोर्टर १९९४ साली असाच, ज्यात अमोनियम आत घेणं बंद आहे अशा यीस्टमध्ये अराबिडॉप्सिसची अख्खी जीन लायब्ररी सोडून, कोण वाढतंय ते बघून सापडला. त्याच वर्षी यीस्टचा मेप१ सापडला. आणि २००० साली ब्रसेल्सच्याच गटाने माणसाचे आरएचएजी आणि आरएचसीजी हे दोन आरएच जीन या तिहेरी स्ट्रेनमध्ये घालून दाखवलं की यीस्ट जगतं. माणसाच्या रक्तगटाच्या घराण्यातलं प्रोटीन यीस्टला नायट्रोजन भरवतंय, मला अजूनही हे वाचून मजा येते.

या स्ट्रेनची एक गोष्ट लोक विसरतात. त्याला फक्त युरॅसिल लागतं, आणि ती गरज तुमचा प्लास्मिड (जीन ज्यावर बसवून यीस्टमध्ये घालतो तो डीएनएचा गोल तुकडा, युरा३ मार्करवाला) भागवतो. म्हणजे प्लेटमध्ये एकही अमिनो ॲसिड घालावं लागत नाही. हे मुद्दाम सांगतोय कारण एका ज्युनियरने लॅबमधला नेहमीचा दुसराच स्ट्रेन घेऊन त्यात मेप उडवायचा घाट घातला होता, त्याला ल्यूसीन हिस्टिडीन सगळं लागायचं, आणि ल्यूसीन घातलं की यीस्ट त्यातूनच थोडा नायट्रोजन काढणार, मग बॅकग्राउंड (जीन नसतानाही दिसणारी वाढ) कुठून आली म्हणून आठवडाभर डोकं धरून बसला.

मीडियम असं. वायएनबी (यीस्टच्या मीडियमची तयार पूड) घ्या पण अमिनो ॲसिड नसलेलं आणि अमोनियम सल्फेटही नसलेलं, डब्यावर दोन्ही लिहिलंय का नीट बघा, साधं वायएनबी उचललं तर त्यात अमोनियम सल्फेट आधीच भरलेलं असतं आणि तुमची टेस्ट सुरू व्हायच्या आधीच संपली. लिटरला १.७ ग्रॅम. ग्लुकोज २ टक्के. साधा अगर वापरू नका, त्यात नायट्रोजनवाला कचरा असतो, अगरोज किंवा धुतलेला शुद्ध अगर घ्या, महाग आहे पण दहा प्लेटला कितीसं लागतं. बफर ५० मिलिमोलर, पीएच ५.५ आणि ६.५ साठी एमईएस, ७ साठी मॉप्स. पीएच सेट करायला अमोनिया सोल्युशन अजिबात नको, हसू नका, हे झालेलं आहे. बफर आणि मीडियम दुप्पट तीव्रतेचं एका बाटलीत, अगरोज दुसऱ्या बाटलीत, वेगवेगळं ऑटोक्लेव्ह करून गरम असताना मिसळा, कारण आम्ल पीएचला अगर उकळला की तो धड घट्टच होत नाही, प्लेट खिरीसारखी राहते आणि त्यावर ठिपका टाकला की बुडतो.

अमोनियम क्लोराईड ऑटोक्लेव्हमध्ये घालायचं नाही. १ मोलरचा स्टॉक (१०० मिलीला ५.३५ ग्रॅम) फिल्टरने स्टराईल करून ठेवा आणि मीडियम साधारण ५५ डिग्रीला आलं की त्यात टाका, ५०० मिलीला अर्धा मिली म्हणजे १ मिलिमोलर. पीएच ७ ला गरम केलं तर त्यातला अमोनिया वाफेसोबत उडतो आणि तुम्हाला वाटतं १ मिलिमोलर आहे, असतं भलतंच.

प्लेटचे प्रकार कमीत कमी हे चार हवेतच: नायट्रोजन काहीच नाही अशी प्लेट (इथे कोणीच वाढायला नको), १ मिलिमोलर अमोनियम, प्रोलीन किंवा आर्जिनीन ०.१ टक्के (इथे सगळ्यांनी वाढलंच पाहिजे), आणि २० मिलिमोलर अमोनियम, इथे रिकामा प्लास्मिडही (ज्यात जीन नाही असा) वाढायला हवा. आणि प्रत्येक प्लेटवर रिकामा प्लास्मिड, मेप२ वाला पॉझिटिव्ह कंट्रोल, तुमचा जीन, आणि जमलं तर तुमच्याच जीनचा एक बिघडवलेला म्युटंट. वेळ नाही म्हणून कोणी पहिली प्लेट टाळतो, मग १ मिलिमोलरवर दिसणारी फिकट वाढ अमोनियममुळे आहे की कचऱ्यामुळे हे सांगता येत नाही आणि सगळंच परत.

पेशी रात्रभर प्रोलीनच्या मिनिमल मीडियममध्ये वाढवा, भरपूर जेवण असलेल्या वायपीडीमध्ये नाही, नाहीतर पेशी पोटात नायट्रोजनचा साठा घेऊनच प्लेटवर येतात आणि त्यावर दोन-तीन पिढ्या आरामात काढतात. सकाळी तीन वेळा स्टराईल पाण्याने धुवा. ओडी (गढूळपणा, म्हणजे पेशी किती दाट) १ ला आणा, मग दहा-दहा पट पातळ करत चार पायऱ्या, प्रत्येकी ५ मायक्रोलिटरचा ठिपका. ठिपके टाकायच्या आधी प्लेट लॅमिनारमध्ये झाकण उघडून पंधरा मिनिटं वाळवा, ओल्या प्लेटवर ठिपके पसरून एकमेकांत जातात. टिप प्लेटला टोचू नका, हलकेच थेंब टेकवा आणि सोडा. ३० डिग्री, तीन ते पाच दिवस. प्लास्मिडवर गॅलक्टोजचा प्रमोटर असेल तर ग्लुकोजच्या जागी गॅलक्टोज, आणि मग आणखी दोन दिवस धीर धरा.

माझी प्लेट कशी फसली ते

पहिल्या वेळी माझा रिकामा प्लास्मिड मस्त वाढला. अगदी जीनवाल्याएवढा नाही पण दुसऱ्या डायल्युशनपर्यंत दिसेल एवढा. मी स्ट्रेन बदलला, परत ट्रान्सफॉर्म केलं, तेच. शेवटी एका सिनियर ताईने इनक्युबेटर उघडून बघितलं आणि विचारलं या सगळ्या एकाच डब्यात का आहेत? मी सगळ्या प्लेट एका झाकणाच्या डब्यात रचून ठेवल्या होत्या, ओल टिकावी म्हणून, वरती २० मिलिमोलर पीएच ७ वाल्या, खाली १ मिलिमोलर, शेजारी अमिनो ॲसिडवाल्या. अमोनिया गॅस आहे हे मी पहिल्या पानावर लिहिलं होतं आणि डब्यात विसरलो होतो. यीस्टच्या कॉलनी स्वतःसुद्धा हवेत अमोनिया सोडतात आणि शेजारच्या कॉलनीला त्याची खबर लागते, हे १९९७ सालीच छापून आलेलं आहे. मी डबे वेगळे केले, सोबत अगरही बदलला, आणि बॅकग्राउंड गेली. दोन्ही एकदम बदलल्यामुळे कोणाचा दोष किती ते मात्र मला कधीच सांगता येणार नाही, एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते हे त्या दिवशी ताईने पुन्हा एकदा ऐकवलं.

आणखी एक चोर म्हणजे पीएच. यीस्ट अमोनियम खाताना बाहेर प्रोटॉन फेकतं, बफर कमी असेल तर चार दिवसांत कॉलनीखालचं पीएच घसरतं आणि तुमचा पीएच ७ हा फक्त झाकणावर लिहिलेला उरतो. म्हणून ५० मिलिमोलर बफर. शंका आली तर शेवटी कॉलनीच्या कडेला पीएच पेपरची पट्टी टेकवून बघा. आणि पोटॅशियम कमी पडू देऊ नका, कारण पोटॅशियम कमी आणि अमोनियम जास्त असलं की यीस्टला अमोनियमचं विष होतं, मग वाढ नाही म्हणून तुम्ही जीनला दोष देत बसता.

वाढलं. मग पुढे काय

इथेच सगळे थांबतात. वाढ झाली याचा अर्थ नायट्रोजन आत गेला एवढाच. तो अमोनिया म्हणून गेला की अमोनियम म्हणून, प्लेटला माहीत नाही. प्लेटवरून जेवढं काढता येतं ते पीएचच्या मालिकेतून. तीच टेस्ट पीएच ५.५, ६.५ आणि ७ ला लावा. ५.५ ला मोकळा अमोनिया ७ च्या तुलनेत साधारण तीसपट कमी असतो. तुमचं प्रोटीन फक्त बाहेरचा मोकळा अमोनिया सोडत असेल तर पीएच खाली नेल्यावर वाढ खच्ची व्हायला हवी, आणि ते अमोनियम पकडत असेल तर फारसा फरक पडायला नको. पण हेही पक्कं नाही, कारण पीएच बदललं की प्रोटीनची तब्येत, यीस्टचा व्होल्टेज, सगळंच हलतं. म्हणून हा पुरावा नाही, इशारा म्हणा.

दुसरी प्लेट मिथिलअमोनियमची. हा अमोनियमचा सोंगाड्या भाऊ, यीस्टला तो खाता येत नाही, उलट आत साचला की विषारी. आर्जिनीनवर यीस्ट ठेवा आणि वरून ५० ते १०० मिलिमोलर मिथिलअमोनियम द्या. मेप किंवा एएमटी चालू असेल तर तो आत ओढला जातो आणि पेशी मरगळतात. पण माणसाच्या आरएच प्रोटीनांनी उलटंच केलं होतं, त्यांनी यीस्टला या विषापासून वाचवलं, म्हणजे ते बाहेर काढत होते. दरवाजा दोन्ही बाजूंनी उघडतो, उतार जिकडे तिकडे माल जातो. हे बघायला ही प्लेट फार छान आणि स्वस्त.

किरणोत्सारी मिथिलअमोनियमचं आत जाणं मोजणारे असाल, त्यातही ई. कोलायमध्ये, तर एक मोठा खड्डा आहे. तिथे ग्लुटामिन सिंथेटेज नावाचं एन्झाइम त्याला पकडून मिथिलग्लुटामिन करून टाकतं आणि मग तो बाहेर पडू शकत नाही. म्हणजे फिल्टरवर तुम्ही जे मोजताय ते आत गेलं किती हे नव्हे, आत अडकलं किती हे. ते एन्झाइम मंद पडलं तर आकडा घसरतो आणि तुम्ही म्हणता ट्रान्सपोर्टर बिघडला. शिवाय ई. कोलायमध्ये एएमटीबीच्या (त्याचा एएमटी) शेजारीच ग्लेनके नावाचा जीन बसलेला असतो, त्याचं प्रोटीन नायट्रोजन मुबलक झाला की आपलं एक बोट एएमटीबीच्या भोकात आतून खुपसून बूच मारतं. पेशींना आधी भरपूर अमोनियम पाजून मग मोजमाप केलं तर तुम्ही बूच मारलेली बाटली उलटी करून पाणी का येत नाही विचारताय.

भार मोजल्याशिवाय खरं उत्तर नाही. बेडकाच्या अंड्यात (झेनोपस) जीनचा आरएनए टोचायचा, दोन इलेक्ट्रोड घालून करंट बघायचा. अमोनियम बाहेर टाकल्यावर आत धन करंट आला तर भार जातोय. २००२ साली टोमॅटोच्या एएमटीने असा करंट दाखवला. माणसाच्या आरएचसीजीने मात्र बरेचदा भार नसलेल्या व्यवहारासारखं वागून दाखवलंय. या टेस्टमध्ये मिलिमोलर अमोनियम वापरू नका, साध्या न टोचलेल्या अंड्यातही तेवढ्याला स्वतःचे करंट येतात. मायक्रोमोलरमध्येच राहा आणि पाणी टोचलेलं अंडं सोबत हवंच. आपल्याकडे हा सेटअप सगळीकडे नसतो, ज्यांच्याकडे असेल त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा, प्लेट आल्यावर नाही.

मग आत नक्की होतं काय

हे समजायला एकदा स्ट्रक्चर उघडून बघाच. पीडीबीच्या (प्रोटीनच्या रचनांचा साठा) साईटवर १यू७जी टाका, ई. कोलायचं एएमटीबी, २००४ साली आलेलं. रचना बघायचं कायमेरा-एक्स हे सॉफ्टवेअर अभ्यासासाठी फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. उघडल्यावर फाईलमध्ये एकच साखळी दिसेल, खरं प्रोटीन तिघांचं असतं, तर बायोलॉजिकल असेंब्लीचा पर्याय निवडा. वरून बघितलं की तिघांच्या मधोमध एक जागा दिसते आणि सगळ्यांना वाटतं हाच बोगदा. नाही. तिघांचा प्रत्येकाचा वेगळा बोगदा आहे, स्वतःच्या पोटातून. एका साखळीत मेम्ब्रेन ओलांडणाऱ्या अकरा हेलिक्स मोजा.

आता एकाच साखळीवर या आणि बाहेरच्या बाजूने खाली उतरत चला. वर एक खोलगट वाटी, तिथे ट्रिप्टोफॅन १४८, फेनिलअलानिन १०७ आणि सेरिन २१९ निवडून रंग द्या. इथे अमोनियम येऊन बसतो, ट्रिप्टोफॅनच्या चपट्या कडीला भार आवडतो आणि सेरिन हायड्रोजनचा हात देतो. पोटॅशियमकडे हात द्यायला हायड्रोजन नाही, तो इथेच बराचसा मागे पडतो. त्याच्या खाली फेनिलअलानिन १०७ आणि २१५ एकमेकांवर पालथ्या ताटांसारखी, बोगदा बंद. त्याखाली साधारण २० अँगस्ट्रॉम लांबीची अरुंद, तेलकट वाट, आणि मधोमध दोन हिस्टिडीन, १६८ आणि ३१८, एकमेकींकडे तोंड करून. कर्सर तिथे न्या आणि झूम करा, भार असलेला अमोनियम या फटीतून सरळ जाणं कठीण दिसतं. म्हणून २००४ साली सगळ्यांनी म्हटलं, आत अमोनियाच जातो, प्रोटॉन बाहेरच राहतो. पण मग करंट कुठून येतो? पुढच्या दहा-पंधरा वर्षांत बॅक्टेरियाच्या एएमटीमध्येही करंट मोजले गेले आणि प्रश्न पेटला.

२०२० साली जे चित्र पुढे आलं ते मला देवळासारखं वाटतं. अमोनियम दाराशी येतो, चप्पल म्हणजे प्रोटॉन काढून ठेवतो आणि अनवाणी, म्हणजे अमोनिया होऊन, तेलकट वाटेने आत जातो. पण चप्पल बाहेर राहत नाही, ती दुसऱ्या बोळातून, पाण्याच्या रेणूंची साखळी आणि त्या दोन हिस्टिडीनवरून उड्या मारत आत पोचते, आणि आत गेल्यावर अमोनिया ती पुन्हा घालतो. बाहेरून बघणाऱ्याला एक अमोनियम गेला, एक भार गेला. प्रोटॉन काढण्यात ॲस्पार्टेट १६० चा हात असतो असं मानतात, ते उडवलं की काम बंद. आणि हिस्टिडीनच्या जागी ॲस्पार्टेट बसवलं तर बोगदा पोटॅशियमलाही सोडायला लागतो, म्हणजे ही चप्पल काढायची अटच पोटॅशियमला बाहेर ठेवत होती, त्याला काढायला चप्पलच नाही. तुमच्या जीनमध्ये या जागा कुठे येतात ते अलाइनमेंट (दोन प्रोटीनच्या अमिनो ॲसिडच्या रांगा शेजारी-शेजारी) लावून बघा, वर म्हणालो तो बिघडवलेला म्युटंट यातूनच निवडायचा.

रक्तगटाचं काय

"मी निगेटिव्ह आहे, माझा अमोनिया जात नाही का?" असं दर बॅचला एक जण विचारतो. नाही बाळा, तुझ्यात आरएचडी, म्हणजे पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ठरवणारं प्रोटीन, नाही. अमोनियाचं काम करणारं आरएचएजी हे वेगळं प्रोटीन आहे, आरएचडीच्या बाजूला बसणारं, आणि ते तुझ्यात आहे. आरएचडीमध्ये ती दोन हिस्टिडीनची जोडीच नाही. (आणि बॉम्बे ब्लड ग्रुप हा आपल्या मुंबईतला १९५२ चा शोध यातला नाही, तो एबीओ-एच बाजूचा, आरएचशी त्याचा संबंध नाही.) मूत्रपिंडात आरएचसीजी लघवीकडे अमोनिया सोडायला लागतं, उंदरात तो जीन उडवला की आम्लाचा भार दिल्यावर उंदरांना लघवीतून पुरेसा अमोनियम बाहेर टाकता येत नाही, हे २००८ साली दाखवलंय. माशांच्या कल्ल्यातही हेच घराणं.

भाताचं घेतलेल्यांसाठी एवढंच की पाण्याखालच्या खाचरात युरियाचा अमोनियम होतो आणि बराच तसाच राहतो, म्हणून भाताकडे एएमटी बरेच आहेत, एक घेऊन सगळ्या मुळाचं ठरवू नका. आणि झाडाच्या एएमटीची शेपटी शेजारच्या साखळीला चालू-बंद करते, तिथल्या एका थ्रिओनिनवर फॉस्फेट बसला की तिघंही बंद. यीस्टमध्ये तुमचा भाताचा जीन मुळीच चालला नाही तर हीही शक्यता आहे, जीन खराबच असेल असं नाही.

शेवटी फोटोखाली काय लिहायचं ते. "प्रोटीन अमोनियम वाहून नेतं" असं लिहू नका. लिहा: १ मिलिमोलर अमोनियम क्लोराईड, पीएच ६.५, एवढे दिवस, तिहेरी मेप स्ट्रेनची वाढ परत आली, रिकाम्या प्लास्मिडमध्ये आली नाही, नायट्रोजन नसलेल्या प्लेटवर कोणाचीच आली नाही. खाली पीएच ५.५ चा आणि ७ चा फोटो, त्याच दिवशी काढलेला, काळ्या कागदावर ठेवून, झाकण काढून. व्हायवात विचारलं की अमोनिया की अमोनियम, तर पहिल्या पानावरचं गणित दाखवा आणि सांगा की करंट मोजलेला नाही.